एकसष्ट टक्क्यांवर

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजच्या टपालाने अक्षरकला मंडळाचे पत्रक आले. माझ्या धाकट्या भावाला या वर्षीचे मानपत्र देण्याचे मंडळाने ठरविले आहे. कशासाठी? तर ‘दुकान सोडल्यानंतर स्वतंत्रपणे घडविलेल्या वर्णमालेसाठी’. हीच वर्णमाला आता संगणकांत शिरली आहे. शाळांच्या, दवाखान्यांच्या आणि बँकांच्या पाट्यांवर तीच दिसते. ती माझी आहे. त्रेचाळीस वर्षांपूर्वी ती माझ्या पाट्या रंगविण्याच्या दुकानात, मी सूत मारून आखलेल्या रेघांवर जन्माला आली आणि तिच्या प्रत्येक कागदाखाली माझी सही होती. धाकटा तेव्हा सतरा वर्षांचा होता व मी आखलेल्या जागेत रंग भरत असे. रंग भरणाऱ्याला अक्षराचा बाप म्हणायचे असेल, तर मला काही बोलावयाचे नाही.

परंतु मला बोलावयाचे आहे. पत्रकाच्या शेवटी लिहिले आहे की कोणाची हरकत असल्यास ती शुक्रवार, ता. १४ रोजी दुपारी चार वाजेपर्यंत, पुराव्यासह दाखल करावी. पुरावा बाहेरच्या हार्ड डिस्कवर असल्यास तिची अँटीव्हायरस तपासणी पूर्ण झाल्याचा छापील अहवाल जोडावा, अन्यथा ती डिस्क मंडळाच्या यंत्राला लावली जाणार नाही. हा नियम मला आवडला. शिस्त आहे.

पुरावा तयारच आहे. मी केवळ चौथी शिकलो. मात्र चौथीत पहिला होतो. निवृत्तीनंतर संगणक घेतला आणि दोन हिवाळे बसून चाळीस वर्षांच्या पाट्यांची सर्व छायाचित्रे स्वहस्ते त्या डिस्कमध्ये घातली. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात माझी सही दिसते.

दुपारी दोनला तपासणी सुरू केली. साडेतीनला आकडा एकसष्ट टक्क्यांवर आला आणि थांबला. पाच वाजता एकसष्ट. सात वाजता एकसष्ट. गोल चक्र फिरत राहते व आकडा बैलासारखा बसून राहतो. रात्री यंत्र चालू ठेवणे मला मान्य नाही, म्हणून बंद केले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पुन्हा एकसष्ट.

सौ. चहा घेऊन आली आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, “कालचाच आकडा आहे का हा?”

“नवा आहे,” मी म्हणालो. “आजचा एकसष्ट.”

“वयाने तुमच्यापेक्षा लहानच आहे म्हणायचा. हट्टी तेवढाच.”

मी चहा बाजूला ठेवून तपासणी पुन्हा सुरू केली.

दिवसभर विचार केल्यावर उलगडा झाला. तीन वर्षांपूर्वी, दुकान सोडून सतरा वर्षे उलटल्यावर, धाकटा एकदा घरी येऊन गेला. मी न्हाव्याकडे गेलो असताना. सौ. ने सांगितले नव्हते, मीच ओळखले. परत आलो तेव्हा खुर्ची खाली केलेली होती आणि माउस कळफलकाच्या डाव्या बाजूला होता. घरात डावखुरा कोणी नाही. डावखुरा एकच, आणि त्याचा तो दोष घालविण्यासाठी मी किती कष्ट घेतले ते मलाच ठाऊक. दुकानात आला तेव्हा त्याचा डावा हात मी रंगाच्या फडक्याने कमरेशी बांधून ठेवीत असे. दोन वर्षे. त्याशिवाय हा मनुष्य उजव्या हाताने सरळ रेघ काढू शकला नसता.

तर हा मनुष्य एक तासभर माझ्या संगणकापाशी एकटा बसला होता. डिस्क तेव्हा लावलेली होती. संगणकातला अँटीव्हायरसही त्यानेच त्या दिवशी ‘भेट म्हणून’ टाकला, असे सौ. ने नंतर कबूल केले. चोराने स्वतःच पहारेकरी नेमावा, तसे झाले! त्याने माझ्या पुराव्यात विषाणू सोडला आहे, यात मला शंका उरलेली नाही.

आता केवळ मानपत्र रद्द होऊन भागणार नाही. त्याने काय सोडले आहे ते पकडून, अहवालात छापून, सगळ्या मंडळासमोर वाचून दाखवीन. वीस वर्षांचे उट्टे एका कागदावर निघेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

त्याच्या पहारेकऱ्यावर विश्वास नाही, म्हणून बाजारातून दुसरा अँटीव्हायरस आणून घातला. आता तपासणी चौदा टक्क्यांवर थांबते. संगणक इतका मंदावला आहे की माउस हलविल्यावर बाण पडद्यावर सवडीने निघतो.

चौकातल्या दुरुस्तीवाल्या बाईंना बोलाविले. वय पन्नाशीचे, जीभ धारदार. आल्या आल्या म्हणाल्या, “काय आजोबा, काय करून ठेवलंत?”

“मी कोणाचा आजोबा नाही,” मी सांगितले.

“बरं, काका. दोन दोन अँटीव्हायरस कशाला घातलेत?”

“एक शत्रूने नेमलेला आहे.”

त्यांनी सौ. कडे पाहिले. सौ. ने खिडकीकडे पाहिले.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “एका दारावर दोन वॉचमन ठेवलेत. आत येणारी प्रत्येक फाइल दोघं एकदमच धरतात. हा म्हणतो तू सोड, तो म्हणतो आधी तू सोड. कुणीच सोडत नाही. मग फाइल पुढे जाणार कशी? दोघंही चांगलेच आहेत हो, पण एकालाच ठेवायचं. कुठला काढू?”

“त्याचा,” मी म्हणालो.

“चांगला होता तो,” सौ. हळूच म्हणाली.

काढला. तपासणी चौदावरून पुढे गेली. मी टेबलावर थाप मारली. पुढे एकसष्ट.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बाई काल व आज आल्या. त्यांनी केलेल्या गोष्टी नोंदवून ठेवतो, कारण हरकतीत लागतील.

डिस्कची केबल बदलली. डिस्क मी पुढच्या बाजूच्या जोडखोक्याला (बाई त्याला हब म्हणतात) लावीत असे. तिथे वीज पुरेशी पोहोचत नाही म्हणून ती थेट संगणकाच्या मागे लावली. दहा मिनिटे कोणी हात लावला नाही तर डिस्क आपोआप झोपी जाई. ती झोप बंद केली. (ही सवय मला माझ्या सर्व मदतनिसांमध्ये आढळली होती.) शेवटी डिस्कचा पृष्ठभाग खराब झाला आहे का, हे पाहण्याची परीक्षा लावली. तिला नऊ तास लागतात. मी रात्री यंत्र चालवीत नाही म्हटल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला आणि आज पहाटेपासून परीक्षा बसविली.

संध्याकाळी निकाल आला. डिस्क ठणठणीत आहे.

“आनंद झाला नाही का?” बाईंनी विचारले.

नाही झाला. आजारी असती तर त्याच्यावर आरोप सोपा झाला असता. तिला काहीच झालेले नाही आणि तरीही ती त्याच ठिकाणी अडते, म्हणजे तिथे काहीतरी ठेवलेले आहे.

“नेमकी कुठल्या फाइलवर अडते ते सापडेल का?” मी विचारले.

“लॉगमध्ये दिसेल. सोमवारी येते.”

“उद्या या.”

“उद्या माझ्या भाचीचा साखरपुडा आहे, काका. तुमचा शत्रू सोमवारपर्यंत पळून जाणार नाही.”

रविवार, ९ नोव्हेंबर

हरकतीचा मसुदा केला. तीन पाने. ‘कृतघ्न’ हा शब्द सात वेळा आला आहे. तो चार वेळा ठेवीन, म्हणजे प्रत्येक वेळी लागेल.

सौ. ने मसुदा वाचला आणि परत ठेवला. म्हणाली, “शुद्धलेखन चांगलं आहे.”

“आणि मजकूर?”

“शुद्धलेखन चांगलं आहे म्हटलं ना.”

सोमवार, १० नोव्हेंबर

सापडला!

बाईंनी तपासणीची नोंदवही उघडली. एकसष्टवर अडलेल्या नऊही वेळा तपासणी एकाच फाइलवर थांबलेली आहे. ती माझ्या छायाचित्रांच्या कप्प्यात नाही, त्याच्या शेजारी आहे. मी कधीच न केलेली. तारीख तीन वर्षांपूर्वीची, मी न्हाव्याकडे गेलो होतो त्याच दिवसाची. वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

नाव: ‘दादासाठी’.

रंगेहात पकडला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. इतकी वर्षे मी या क्षणासाठी जगलो असेन असे वाटले. दादासाठी! वर हा उद्दामपणा. विष पाठवायचे आणि वर माझे नाव घालायचे.

“लगेच छापा,” मी बाईंना म्हणालो. “विषाणूची फाइल, तारखेसह.”

“थांबा हो. ही विषाणूची म्हणून कोणी सांगितलं? ही झिप फाइल आहे. बांधलेलं गाठोडं. त्यात आणखी गाठोडी, त्यात आणखी. आणि आकाराने केवढी आहे बघा. तुमच्या सगळ्या फोटोंपेक्षा मोठी. अँटीव्हायरस आत शिरतो, एक गाठ सोडतो, दुसरी सोडतो, आणि दमतो. तुम्हाला घाई असेल तर हिला वगळून बाकीची तपासणी करू. अर्ध्या तासात हिरवा अहवाल हातात.”

“वगळायची नाही.”

“अहो, शुक्रवार शेवटचा दिवस ना तुमचा?”

“मला अहवाल नको. मला आरोपी हवा आहे.”

त्यांनी पुन्हा खुर्ची ओढली. मग म्हणाल्या की गाठोडे आधी संगणकावर पूर्ण सोडवू, आणि मग एकेक कप्पा वेगळा तपासू. वेळ लागेल. मी म्हणालो, माझ्याकडे वेळ आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गाठोडे सोडविणे चालू आहे. मी दिवसभर समोर बसून आहे. सौ. ने दोनदा जेवायला बोलाविले. तिसऱ्यांदा ताट इथेच आणून आपटले.

“आत काय आहे ते तुला ठाऊक आहे का?” मी विचारले.

“मला काय कळतंय त्यातलं?” ती म्हणाली, परंतु ती नजर चुकवून बोलली. घरातल्या घरात फितुरी आहे.

मसुद्यातील ‘कृतघ्न’ पुन्हा सात केले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गाठोडे सुटले. चारशे बारा फाइली. बाईंनी कप्प्याकप्प्याने तपासल्या. साडेबाराला पडद्यावर हिरवी पट्टी आली: कोणताही धोका आढळला नाही. मग उरलेली डिस्क तपासली. एकसष्ट आले, बासष्ट आले, आणि आकडा धावतच शंभरावर गेला. अहवाल छापून माझ्या हातात देऊन बाई म्हणाल्या, “अभिनंदन काका. शत्रू नाही सापडला.”

त्या गेल्यावर मी पहिली फाइल उघडली.

वर्णमालेचे मूळ कागद आहेत. दुकान सोडताना त्याने ते नेले होते. मी समजत होतो वाळवीने खाल्ले. प्रत्येक कागद अतोनात मोठा करून स्कॅन केलेला आहे, म्हणूनच गाठोडे एवढे जड. कागदाचे तंतू दिसतात. माझ्या सुताच्या रेघा दिसतात. खाली उजवीकडे माझी सही, तारीख. प्रथम मला वाटले, मूर्खाने माझ्याच हातात कोलीत दिले! छायाचित्रांहून शंभरपट बळकट पुरावा. मंडळाला एवढेच पुरेल.

मग मी एक अक्षर मोठे केले. का केले, कोण जाणे. पाटी रंगवून झाली की जवळ जाऊन कड पाहण्याची सवय आहे.

ब्रश उचलताना रंगाची एक बारीक शेपटी कागदावर राहते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, भिंतीवर तर नाहीच. उजव्या हाताची शेपटी एका बाजूला झुकते, डाव्या हाताची दुसऱ्या. चौपन्न वर्षे ब्रश धरला आहे. हे मला कोणी शिकवावयास नको.

दुसरे अक्षर पाहिले. तिसरे पाहिले. चारशे बारा कागद पाहिले.

पडदा खराब असावा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डाव्या हाताने असे अक्षर निघणे अशक्य आहे. मी हे सिद्ध करून हरकतीला जोडावे असे ठरविले. माळ्यावरून ब्रश, काळा रंग व हात टेकवावयाची काठी काढली. कागदावर सूत मारले. इतक्या दिवसांनीही रेघ सरळ आली. उजवा हात मध्ये येऊ नये म्हणून सौ. ला बोलाविले व फडके दिले.

“काय करू याचं?”

“हात कमरेशी बांध. घट्ट.”

“तुमचा?” ती म्हणाली. मग तिने गाठ मारली.

“सैल आहे,” मी म्हणालो. “त्याचा बांधत होतीस तसा बांध. मी बाहेर असलो की तूच बांधायचीस.”

“मी बांधत नव्हते हो,” ती म्हणाली. “तुम्ही जेवून दुकानामागच्या खोलीत आडवे झालात की मी सोडत होते. दुपारी दोन ते चार. रोज. भावोजी तेवढ्या वेळात कागद काढायचे आणि तुम्ही उठायच्या आत मी पुन्हा गाठ मारायची.”

“आणि माझी सही?”

“दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर मालकाची सही, हा नियम कोणाचा होता? संध्याकाळी ढीग समोर आला की तुम्ही सह्या करायचात. वर काय आहे ते बघत होतात का?”

मी बघत होतो. बघत होतो, आणि वाटे की माझा हात आता किती सुंदर वळू लागला आहे.

“त्याने एका शब्दाने सांगितले नाही.”

“एकदा सांगायला आले होते. तुम्ही सुताची फिरकी फेकून मारलीत. तीन वर्षांपूर्वी हे टाकून गेले तेव्हा म्हणाले, वहिनी, सही दादाची आहे, तेव्हा कागद दादाकडेच असू देत. मी म्हटलं सांगून जा. तर म्हणाले, कधीतरी स्वतःच उघडतील.”

“मला का सांगितले नाहीस?”

“त्यांचं नाव काढलं की भिंतीला हादरे बसायचे. कोणत्या दिवशी सांगायचं होतं?”

मी डाव्या हाताने ब्रश धरला. एक उभी रेघ ओढली. ती कोलमडली. दुसरी ओढली. चौदा रेघा ओढल्या. चौदाव्या रेघेवर खांदा भरून आला आणि थांबलो. सौ. ने न विचारता गाठ सोडली.

दोन वर्षे बांधला होता.

तरीही दुकान सोडताना तो चार लोकांत मला ‘आखणी करणारा’ म्हणाला. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पहाटे उठून नवी हरकत लिहिली. एकच पान. ‘कृतघ्न’ हा शब्द कोठेही बसेना, म्हणून राहिला. तीन वाजता डिस्क, अहवाल व अर्ज घेऊन मंडळाच्या कार्यालयात पोहोचलो. कारकुनाने अहवालाची हिरवी पट्टी पाहिली, डिस्क लावली व अर्ज मोठ्याने वाचला. तो येथे उतरवितो:

‘मानपत्रात म्हटले आहे की सदर वर्णमाला त्याने दुकान सोडल्यानंतर घडविली. हे विधान असत्य असून माझी त्यास सक्त हरकत आहे. ती त्याने त्रेचाळीस वर्षांपूर्वी, वयाच्या सतराव्या वर्षी, माझ्या दुकानात, डाव्या हाताने घडविली. सोबतच्या चारशे बारा कागदांवर ब्रशची शेपटी पाहावी. कागदाखालील सही मालकाची आहे, कारागिराची नव्हे. सुताच्या रेघा मात्र माझ्या आहेत. त्यांची नोंद व्हावी. मानपत्र दुरुस्त केल्याशिवाय देऊ नये.’

कारकून डोके खाजवीत म्हणाला, “आजोबा, ही हरकत त्यांच्या विरुद्ध आहे की बाजूने? रजिस्टरात दोनच रकाने आहेत.”

“चुकीच्या विरुद्ध आहे.”

“तसा रकाना नाहीये.”

“मग विरुद्धमध्ये लिहा. आणि पावती द्या.”

त्याने ‘विरुद्ध’ मध्ये लिहिले. त्याचे अक्षर अत्यंत वाईट आहे. अक्षरकला मंडळाने असा मनुष्य ठेवावा हे आश्चर्य.

घरी आल्यावर सौ. ने पावती दोनदा वाचली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “फोन लावू का भावोजींना?”

“कशासाठी? मी त्याला क्षमा केलेली नाही. चुकीची नोंद मला सहन होत नाही, इतकेच. हरकत आल्याचे मंडळ संबंधिताला सात दिवसांत लेखी कळविते, असा नियम आहे. त्याला काही म्हणायचे असेल तर पत्ता त्याला माहीत आहे.”

ती हसत आत गेली. हसण्यासारखे काय होते, ते कळले नाही.

डिस्क जागेवर लावून ठेवली आहे. खुर्ची एक खाच खाली केली. माझे गुडघे दुखतात म्हणून.

सात दिवस आजपासून मोजावयाचे की उद्यापासून, हे कारकुनाला विचारावयाचे राहिले.